डॉक्टरांची भाषा येत नसताना दाढ दाखवायला कसे जावे?

पत्राचा सारांश: पतीच्या नोकरीनिमित्त एक वाचक भगिनी परदेशातील एका मोठ्या शहराच्या उपनगरात राहत आहेत. तिथली भाषा त्यांना येत नाही आणि इंग्रजीचाही तिथे फारसा उपयोग होत नाही. काही महिन्यांपूर्वी खालची उजवी दाढ दुखू लागली तेव्हा त्या घराजवळच्या दवाखान्यात जाऊन आल्या. डॉक्टरांनी बरेच काही समजावून सांगितले, यांनी मान डोलावली, एका कागदावर सही केली, दाढेत काहीतरी भरले गेले आणि दुखणे थांबले. आता तीच दाढ पुन्हा ठणकते आहे. गार पाणी लागले की कळ बराच वेळ जात नाही आणि रात्री झोपमोड होते. चार महिन्यांनी मायदेशी जायचे असल्याने तोवर वेदनाशामक गोळ्यांवर निभावून न्यावे, असे त्यांना वाटते. पतींना रजा मिळणे कठीण आहे. अकरा वर्षांची मुलगी शाळेत तिथली भाषा शिकली आहे, तिला दुभाषी म्हणून सोबत न्यावे का, असेही त्यांनी विचारले आहे. "पुन्हा त्या खुर्चीत बसायची हिंमत होत नाही, अगदी अडाण्यासारखे वाटते," असे त्या लिहितात.

तुमच्या पत्रातील दुखण्याचे वर्णन इतके नेमके आहे की ते वाचून कोणत्याही दंतवैद्याला निदानाची दिशा मिळावी. कोणती दाढ, कळ कशाने उठते, किती वेळ टिकते, रात्री काय होते, हे सारे तुम्ही नीट टिपले आहे. तेव्हा स्वतःला अडाणी म्हणवून घेण्याचे काहीही कारण नाही. भाषा न येणे ही अडचण आहे हे खरे, पण तिच्यावर उपाय आहेत आणि ते मी पुढे सविस्तर सांगणार आहे. तुमच्या पत्रातील दोन गोष्टींची मात्र मला त्याहून अधिक काळजी वाटते: एक म्हणजे चार महिने थांबण्याचा विचार, आणि दुसरी म्हणजे मागच्या वेळी न समजता तुम्ही दिलेला होकार.

आधी थांबण्याविषयी. गार लागून उठलेली कळ काही क्षणांत शमत असेल, तर दाताच्या आतील नस बहुधा अजून सावरण्याजोगी असते. कळ रेंगाळत असेल, काही कारण नसताना आपोआप उठत असेल किंवा झोपेतून जागे करत असेल, तर नसेला आलेली सूज सहसा उतरत नाही, असा आम्हा दंतवैद्यांचा अनुभव आहे. अशा दाढेला रूट कॅनाल करावे लागते किंवा ती काढावी लागते. वेदनाशामक गोळ्या वेदना झाकतात, आतली प्रक्रिया थांबवत नाहीत, आणि नसेच्या सुजेवर अँटिबायोटिकचाही उपयोग होत नाही. कधी कधी ठणका एके दिवशी अचानक थांबतो आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो. प्रत्यक्षात तेव्हा नस मृत झालेली असण्याची शक्यता असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो, आणि तेव्हा जी धावपळ करावी लागते ती परक्या भाषेत, घाईत आणि वेदनेत करावी लागते. म्हणून थांबण्याचा पर्याय तुम्हाला सुरक्षित वाटत असला तरी भाषेचा प्रश्न त्याने टळत नाही. तो अधिक वाईट वेळी तुमच्यासमोर येतो.

गोळ्यांबद्दलही एक सूचना करणे आवश्यक आहे. पॅरासिटामॉल प्रौढ व्यक्तीने चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी घ्यावे. परदेशात ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, कारण हेच औषध काही देशांत अॅसिटामिनोफेन या नावाने विकले जाते आणि सर्दीतापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही ते असते. वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव सोडून खालचे मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय लावा. आयबुप्रोफेन घेत असाल तर पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गर्भारपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, तोंड पुरते न उघडणे, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरणे, सुजेबरोबर ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे भाषेची चिंता करू नका, सुजलेला जबडा दिसतोच.

आता त्या होकाराविषयी. पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की दाढेत "काहीतरी भरले". ते काय होते? कायमचे सिमेंट होते, की आत औषध ठेवून वरून तात्पुरते सिमेंट भरले होते आणि काही दिवसांनी परत बोलावले होते? मला हे इथे बसून सांगता येणार नाही. मात्र दुसरी शक्यता अगदी सामान्य आहे. तात्पुरते सिमेंट काही आठवडे टिकावे इतपतच असते. ते झिजले किंवा त्याला फट पडली की लाळ आणि जंतू आत शिरतात आणि दुखणे परत येते. तुम्ही सही केलेला कागद, मिळालेली पावती आणि भेटीचे एखादे कार्ड घरात असेल तर ते शोधा, त्यांचे स्पष्ट छायाचित्र घ्या आणि भाषांतराच्या अॅपमध्ये वाचून पाहा. कदाचित त्यावर पुढच्या भेटीची तारीख असेल.

मान डोलावण्याची सवय मी वर्षानुवर्षे रुग्णांमध्ये पाहत आलो आहे, आणि ती केवळ परदेशातील रुग्णांचीच नाही. स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या डॉक्टरांसमोरही माणसे न समजता "हो" म्हणतात. समोरच्याचा वेळ जाऊ नये, आपल्याला काही कळत नाही असे दिसू नये, ही त्यामागची भावना मी समजू शकतो. परंतु डॉक्टरांच्या बाजूने विचार करा. तुमची मान हलली की त्यांच्या लेखी तुम्हाला निदान समजले, पर्याय समजले, धोके समजले आणि तुम्ही संमती दिली. ते पुढच्या पायरीवर जातात. तुम्ही हात वर करून "समजले नाही" असे दाखवले असते, तर बहुतेक डॉक्टरांनी कागद घेऊन चित्र काढले असते, एक्स-रेवर बोट ठेवून दाखवले असते किंवा स्वतःच अॅप उघडले असते. केवळ आपल्याला त्रास होईल म्हणून नव्हे, तर त्यांचे काम नीट व्हावे म्हणूनही तुम्ही त्यांना थांबवले पाहिजे. न समजलेल्या रुग्णावर उपचार करणे कोणत्याही सुजाण डॉक्टरांना आवडत नाही.

तुम्ही असे गृहीत धरले आहे की भाषेशिवाय उपचारच शक्य नाहीत. दाढेच्या तपासणीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. डॉक्टर आरशाने दाढ बघतात, सळईने पोकळी चाचपतात, गार केलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावून तुमची प्रतिक्रिया पाहतात, आरशाच्या दांड्याने दातांवर हलके ठोकून कुठे दुखते ते पाहतात, हिरडी आणि दात यांच्यातील फट मोजतात आणि एक्स-रे काढतात. फट मोजताना ते सहाय्यकाला आकडे सांगत असतात. ते ऐकून घाबरण्याचे कारण नाही, ते मिलिमीटर असतात आणि तीनपर्यंतचे आकडे साधारणपणे ठीक मानले जातात. या सगळ्यात बोलणे फार थोडे लागते. दुखले की हात वर करणे पुरते. भाषा खरोखर लागते ती तुमची प्रकृती आणि औषधे सांगताना, उपचाराला संमती देताना, आणि घरी गेल्यावर काय करायचे ते समजून घेताना. म्हणजे तयारी करायची ती एवढ्याचीच, आणि तिचा बराचसा भाग शांतपणे घरी बसून करता येतो.

त्यासाठी एक कागद तयार करा. वरच्या बाजूला तुमची भाषा लिहा, म्हणजे दुभाषी बोलवायचा झाला तर कोणत्या भाषेचा ते त्यांना कळेल. त्याखाली अॅलर्जी लिहा: पेनिसिलिन, इतर कोणतेही औषध, रबरी हातमोज्यांतील लॅटेक्स, किंवा भुलीच्या इंजेक्शनाने पूर्वी झालेला त्रास. अॅलर्जी नसेल तर तसेही स्पष्ट लिहा, कारण मोकळी जागा पाहून कोणालाच काही कळत नाही. मग रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार किंवा शस्त्रक्रिया, गर्भारपण किंवा त्याची शक्यता. मग चालू असलेली औषधे, मूळ नावाने आणि मात्रेसह. रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या विशेष महत्त्वाच्या आहेत, कारण दाढ काढायची झाल्यास पहिल्यांमुळे रक्तस्राव आणि दुसऱ्यांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरून न येणे, असे प्रश्न उद्भवू शकतात. त्या गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका. शेवटी दुखण्याची हकीकत चार ओळींत लिहा.

दाढ कोणती हे सांगण्यासाठी जगभर एक सोय आहे, ती फार थोड्या रुग्णांना माहीत असते. बहुतेक देशांत दातांना दोन अंकी क्रमांक असतो. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दाखवतो: तुमच्या स्वतःच्या वरच्या उजव्या बाजूला १, वरच्या डाव्या बाजूला २, खालच्या डाव्या बाजूला ३ आणि खालच्या उजव्या बाजूला ४. दुसरा अंक समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा. त्यामुळे खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे सहावा दात, क्रमांक ४६, आणि तिच्या मागची ४७. अमेरिकेत मात्र १ ते ३२ असे सलग क्रमांक वापरतात आणि तिथे हीच ४६ क्रमांकाची दाढ ३० होते. म्हणून क्रमांकाबरोबर जबड्याचे साधे चित्र काढून दाढेवर फुली मारा. मागच्या भेटीच्या पावतीवर असा दोन अंकी आकडा दिसला तर त्याचा अर्थही आता तुम्हाला लावता येईल.

हा मजकूर भाषांतरित करताना वाक्ये छोटी ठेवा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता लिहा. "रात्री फार ठणकते" यापेक्षा "माझी दाढ रात्री खूप दुखते" हे अॅपला नीट कळते. भाषांतर झाले की ते उलट मराठीत करून वाचा. विशेषतः नकार कुठे गळला तर नाही ना ते तपासा, कारण "मला अॅलर्जी नाही" आणि "मला अॅलर्जी आहे" यांतील चूक महागात पडते. जमल्यास पतींच्या कार्यालयातील एखाद्या स्थानिक सहकाऱ्याकडून हा कागद एकदा वाचून घ्या. पतींना रजा मिळत नसली तरी एवढी मदत त्यांना करता येईल. भेटीच्या वेळी त्यांनी फोनवर दहा मिनिटे उपलब्ध राहावे, असेही ठरवता येईल, अर्थात त्यांना ती भाषा पुरेशी येत असेल तरच.

मुलीला दुभाषी करू नका, हे मी ठामपणे सांगतो. तिला शाळेची भाषा येते. "मूळ वाचणार नाही", "काढावी लागेल", "संसर्ग हाडात गेला आहे" ही वाक्ये तिने ना ऐकलेली असतील ना तिला ती आईला सांगवतील. मुले वाईट बातमी सौम्य करून सांगतात, किंवा न कळलेला भाग गाळतात, आणि पुढे काही बिघडले तर दोष स्वतःकडे घेतात. तुम्हीही तिच्यासमोर तुमची भीती आणि प्रकृतीच्या खाजगी गोष्टी मोकळेपणाने बोलणार नाही. वेळ घेण्यासाठी फोनवर "उद्या सकाळी जमेल का" एवढे विचारायला ती मदत करू शकते, खुर्चीजवळ मात्र तिला उभी करू नका. त्याऐवजी वेळ घेतानाच दवाखान्याला विचारा की फोनवरून किंवा व्हिडिओवरून दुभाषी मिळतो का. अनेक देशांत आरोग्यसेवेसाठी अशी सोय असते, पण ती आधी मागावी लागते. दुभाषी नसेल तर कागद आणि अॅप यांवर साध्या उपचारांचे काम निभते. अॅपमध्ये त्या भाषेचा संच आधीच उतरवून ठेवा, कारण दवाखान्यात इंटरनेट मिळेलच असे नाही.

खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे थांबवण्याची खूण ठरवणे. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचे, हे हातवाऱ्याने दाखवा आणि त्यांनीही ते समजल्याचे दाखवेपर्यंत थांबा. डावाच हात, कारण बहुतेक डॉक्टर तुमच्या उजव्या बाजूला बसतात आणि उजवा हात उचलला तर तो त्यांच्या उपकरणाला लागू शकतो. भूल देण्यापूर्वी हातात आरसा मागून कोणत्या दाढेवर काम होणार आहे ते बोटाने दाखवून घ्या. कागदावर हे प्रश्न आधीच लिहिलेले असू द्या: माझ्या दाढेला काय झाले आहे, आज तुम्ही काय करणार आहात, दुसरा कोणता उपाय आहे, आज काहीच केले नाही तर काय होईल, किती भेटी लागतील, एकूण खर्च किती. उत्तरे अॅपमध्ये लिहून किंवा बोलून द्यावीत अशी विनंती करा. खर्च आकड्यांत लिहून घ्या. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत लिहा: "मला समजावून सांगितल्याशिवाय आणि माझी लेखी संमती घेतल्याशिवाय दात काढू नये." सही करायचा कागद आला तर आधी त्याचे छायाचित्र घेऊन वाचा. त्याला पाच मिनिटे लागली तर लागू द्या. आज निर्णय होत नसेल तर त्या दिवशी फक्त वेदना थांबवणारा उपचार मागून बाकीचे पुढच्या भेटीवर ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

भुलीच्या इंजेक्शनात बहुधा अॅड्रेनलिन असते, त्यामुळे काही मिनिटे छाती धडधडू शकते. परक्या खोलीत, काही विचारता येत नसताना या धडधडीने माणूस घाबरून जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ती ओसरते. खालच्या जबड्याची बधिरता काही तास राहते, तोवर खाऊ नका, गाल किंवा जीभ चावली तरी कळत नाही. निघण्यापूर्वी औषधांची सूचना तोंडी न घेता लिहून घ्या: औषधाचे नाव, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, किती दिवस. मेट्रोनिडॅझोल लिहून दिले असेल तर मद्य वर्ज्य करावे लागते. दाढ काढलीच तर जखमेवर ठेवलेली जाळीदार कापडाची घडी (गॉज) घट्ट चावून धरा, पहिले चोवीस तास चूळ भरू नका आणि धूम्रपान टाळा. दोन-चार दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले तर परत जा.

शहरातील मोठ्या रुग्णालयात जावे की उपनगरातील याच दवाखान्यात, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. काही दूतावास आपल्या नागरिकांसाठी परिचित भाषा बोलणाऱ्या डॉक्टरांची यादी ठेवतात, ती जरूर विचारा. असे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर मिळाले तर निदान आणि चर्चेसाठी एकदा तिकडे जाणे योग्य ठरेल. पण रूट कॅनालला दोन-तीन भेटी लागू शकतात, मध्येच ठणका उठला तर लगेच जाता आले पाहिजे, आणि मागचा एक्स-रे जवळच्या दवाखान्यातच आहे. त्यामुळे या दाढेसाठी माझा कौल जवळच्या दवाखान्याला आहे. रूट कॅनाल पूर्ण करून पक्के सिमेंट तिथेच भरून घ्या, अर्धवट ठेवून प्रवासाला निघू नका. कॅप मायदेशी बसवायची असेल तर तसे डॉक्टरांना सांगा, कारण रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय फार काळ ठेवली तर तुटू शकते. सर्व एक्स-रे आणि झालेल्या उपचारांची नोंद ईमेलवर मागून घ्या. विमा असेल तर दातांसाठी त्यात काय मिळते ते आधी वाचा. प्रवासी विम्यात बहुधा फक्त तातडीचा वेदनाशमनाचा उपचार बसतो.

आजच दवाखान्याला निरोप पाठवा. फोनपेक्षा ईमेल किंवा लेखी संदेश बरा, कारण तो त्यांनाही सावकाश वाचता येतो. मजकूर असा असू द्या: "मी तुमची रुग्ण आहे. तुम्ही माझ्या खालच्या उजव्या दाढेवर उपचार केला होता. ती दाढ आता पुन्हा दुखते. मला रात्री झोप लागत नाही. मला या आठवड्यात वेळ हवी आहे. मला तुमची भाषा येत नाही. मी माझ्या प्रकृतीची माहिती लिहून आणीन. मला फोनवर दुभाषी मिळू शकेल का? मागच्या वेळी कोणता उपचार झाला होता आणि तो पूर्ण झाला होता का, हे कृपया मला लिहून कळवा."